प्रणाली त्यांची, तर मालकीही त्यांचीच हवी

प्रति,
आफ्रिकेतल्या बँका, पतसंस्था, रुग्णालयं आणि सरकारी खात्यांना माहितीप्रणाली पुरवणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे संचालक आणि प्रकल्पप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन दशकांत तुमच्यापैकी अनेकांचा आफ्रिकेतला व्यवसाय चांगला वाढला आहे. मुंबईत जन्मलेलं फ्लेक्सक्यूब आणि इन्फोसिसचं फिनॅकल या बँकिंग सॉफ्टवेअरवर तिथल्या कितीतरी बँकांचे रोजचे व्यवहार चालतात. त्यांच्या मागोमाग विम्याची, पगारपत्रकांची, रुग्णालयांची, करवसुलीची सॉफ्टवेअर घेऊन आपल्याकडच्या लहानमोठ्या कंपन्या नैरोबी, कंपाला, लुसाका, अक्रा, लागोसला पोचल्या. हिंजवडीत संध्याकाळी उशिरापर्यंत बसून लागोसच्या शाखांचे प्रश्न सोडवणारी मुलं-मुली मला माहीत आहेत, त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. मी स्वतः याच क्षेत्रात काम केलं, बरंचसं केनिया आणि युगांडात, आणि बहुतेक वेळा घेणाऱ्या संस्थेची सल्लागार म्हणून, टेबलाच्या त्या बाजूला बसून. त्या बाजूनं जे दिसतं ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. संस्थेची माहितीप्रणाली ही शेवटी त्या संस्थेची असली पाहिजे. तिची रचना त्यांच्या कामातून यायला हवी, तिच्यातली माहिती त्यांच्या ताब्यात हवी, ती दुरुस्त करण्याचं कसब त्यांच्या माणसांत हवं आणि ती बदलायची की सोडायची याचा निर्णय त्यांना घेता यायला हवा. आपण आज जे करार करतो, त्यांतल्या बहुतेकांत यातलं काहीच नसतं. असतं ते लायसन्स, डॉलरमधली वार्षिक देखभाल, आणि ‘डिजिटल स्ट्रॅटेजी’ नावाचा एक जाडजूड दस्तऐवज. तो दस्तऐवज मी झांबियासाठी वाचला तसाच टांझानियासाठीही वाचला आहे. देशाचं नाव आणि चलन बदललं होतं, एवढंच.

मुळात ‘आफ्रिकेसाठी’ असं धोरण लिहिताच येत नाही. ५४ देश आहेत. रवांडासारखा छोटा देश २००० सालापासून माहिती-तंत्रज्ञानाचे पंचवार्षिक आराखडे करतो आणि ते एका हाती राबवू शकतो. नायजेरियात एकेक राज्य आकारानं एखाद्या देशाएवढं. इथिओपियात आडनाव नसतं, माणूस स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं आहे, ते आपल्या वापरातल्या वर्षापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालतं, दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजले जातात आणि सरकारी आर्थिक वर्ष हामले महिन्यात, म्हणजे ८ जुलैला सुरू होतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा असेल आणि आर्थिक वर्ष एप्रिलला पक्कं बांधलेलं असेल, तर अदिस अबाबाच्या लेखापालाला पहिल्या दिवसापासून खोटं भरावं लागतं. केनियात बहुतेकांचा टपालाचा पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्स क्रमांक. तिथे घर क्रमांक, रस्ता, पिनकोड हे तीन सक्तीचे रकाने ठेवले की कारकून तिन्हींत शून्य टाकतो, आणि पुढे कुणीतरी त्या शून्यांवर ‘डेटा क्वालिटी’चा अहवाल लिहितं.

आता एका पतसंस्थेबद्दल सविस्तर सांगते.

केनियात पतसंस्थांना साको म्हणतात. शिक्षक, पोलीस, चहा उत्पादक, मटाटू या खासगी प्रवासी गाड्यांचे मालक, प्रत्येकाची साको असते. २००८ च्या कायद्यानंतर त्यांच्यावर स्वतंत्र नियामक आला. सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही ही रचना लगेच कळेल, पण तिथलं एक वैशिष्ट्य आपल्या बँकिंग सॉफ्टवेअरला कळत नाही. सभासदाला कर्ज मिळतं ते साधारणपणे त्याच्या ठेवीच्या तिप्पट, आणि त्या कर्जाला तारण असतं इतर सभासदांच्या ठेवींचं. समजा एका शिक्षिकेची ठेव एक लाख शिलिंग आहे आणि तिला तीन लाखांचं कर्ज हवं आहे. तिचे पाच सहकारी आपापल्या ठेवीतला काही भाग तिच्यासाठी बांधून देतात. कर्ज फिटत जाईल तसा तो भाग प्रमाणात मोकळा होत जातो. त्या पाचांपैकी एकाला साको सोडायची असेल, तर त्याच्या जागी दुसरा जामीनदार आणावा लागतो. शिक्षिकेनं हप्ते थकवले तर वसुली पाचांच्या ठेवींतून, ज्याच्या त्याच्या वाट्यानं. कोण कुणासाठी किती बांधला गेला आहे आणि आणखी किती बांधून घेऊ शकतो, हा हिशेब म्हणजेच साको. बाकी सगळं त्याच्याभोवती आहे.

मी ज्या साकोच्या बाजूला बसले होते, तिथे भारतातल्या एका कंपनीनं बँकेसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात तारण म्हणजे घर, जमीन, सोनं किंवा मुदत ठेव. एका कर्जाला एक तारण, ठरावीक किमतीचं. जामीनदाराची ठेव थोडीथोडी बांधणं आणि थोडीथोडी सोडणं त्याला येतच नव्हतं. बोसा, म्हणजे ठेवी आणि कर्जांचा मागचा विभाग, आणि फोसा, म्हणजे रोखीच्या खिडक्यांचा पुढचा विभाग, यांच्यातला पैसा कसा फिरतो हेही चुकीचं बसलं होतं. मागणी लिहून घ्यायला जी टीम आली होती ती हुशार होती. पण ती व्यवस्थापकांशी बोलली, आणि कर्जविभागात वर्षानुवर्षं जामिनांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंशी एकदाही बोलली नाही. गो-लाइव्ह झालं, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आलं, केक कापला गेला, फोटो निघाले. त्यानंतर जामिनांचा हिशेब त्या बाईंच्या एक्सेल फाइलमध्ये गेला. सॉफ्टवेअरमध्ये कर्ज मंजूर करण्याआधी सगळ्यांनी त्या बाईंना फोन करायचा, असा अलिखित नियम झाला. दुरुस्तीसाठी कंपनीनं ‘चेंज रिक्वेस्ट’, म्हणजे बदलाची वेगळी लेखी मागणी, मागितली आणि तिची किंमत डॉलरमध्ये सांगितली. संचालक मंडळानं ती सभासदांपुढे कशी मांडायची? कोट्यवधी शिलिंग घालून घेतलेल्या प्रणालीला आपल्या संस्थेचं मुख्य कामच येत नाही, असं वार्षिक सभेत उभं राहून कोण सांगणार? त्यामुळे कुणीच सांगितलं नाही. तुमच्या कंपन्यांच्या वेबसाइटवर अशीच ‘यशोगाथा’ म्हणून लावलेली काही नावं असतील. कृपया त्या संस्थांच्या कर्जविभागात जाऊन एक्सेल फाइल कुणाकडे आहे ते विचारा.

असं होतं यामागे एक समजूत आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. ती म्हणजे हे देश मागे आहेत, आपण त्यांना पुढचं काहीतरी देतो आहोत.

एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचा इतिहास पाहा. २००५ मध्ये केनियात तिची चाचणी सुरू झाली ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत म्हणून. ब्रिटिश सरकारचा निधी, व्होडाफोनचं तंत्र, सफारीकॉम या केनियातल्या मोबाइल कंपनीचं जाळं आणि एक सूक्ष्मकर्ज देणारी संस्था. चाचणीतल्या लोकांनी हप्ते तर भरलेच, पण ते एकमेकांना पैसे पाठवायला लागले. शहरातून गावी पैसे पोचवणं ही त्यांची खरी गरज होती. उलट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या गटबैठकांची आणि हिशेबांची घडी या पद्धतीनं विस्कटली. इथे एक फार मोठा निर्णय झाला: मूळ आराखडा बाजूला ठेवून, लोक जे करत होते तेच उत्पादन म्हणून घडवायचं. केनियाच्या मध्यवर्ती बँकेनं कायदा येईपर्यंत थांबून न राहता हरकत नसल्याचं पत्र दिलं, लोकांचे पैसे बँकांतल्या विश्वस्त खात्यांत राहतील अशी अट ठेवली, आणि मार्च २००७ मध्ये सेवा सुरू झाली. साधा फोन, सिमकार्डातला मेनू, कोपऱ्यावरच्या दुकानातला एजंट. आपल्याकडे आयएमपीएस, म्हणजे बँकखात्यांतून लगेच पैसे पाठवण्याची सोय, आली ती २०१० च्या अखेरीस.

आणि तीच एम-पेसा बाहेर नेली तेव्हा? दक्षिण आफ्रिकेत ती २०१० मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये बंद झाली. भारतात व्होडाफोननं २०१३ मध्ये आणली, २०१९ मध्ये गुंडाळली. दक्षिण आफ्रिकेत बँकखाती आणि एटीएम आधीच पुष्कळ लोकांपर्यंत पोचलेली होती. भारतात मोबाइल कंपनीला बँकेला सोबत घ्यावं लागलं, नियम वेगळे होते, आणि केनियात सफारीकॉमचा बाजारात जेवढा वाटा होता तेवढा इथे कुणाचाच नव्हता. तंत्र तेच होतं. भोवतालची माणसं, नियम, दुकानं, सवयी वेगळ्या होत्या. केनियातली गोष्ट पुण्यात रुजत नाही हे आपण डोळ्यांनी पाहिलं, मग पुण्यात लिहिलेली गोष्ट केनियातल्या किसुमूत जशीच्या तशी रुजेल असं आपण का धरून चालतो?

एम-पेसाच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि या पत्राचा मुद्दा त्यातच आहे. देशभर ज्या प्रणालीवर बाजारहाट, शाळेची फी, विजेचं बिल चालत होतं, तिचे सर्व्हर २०१५ पर्यंत जर्मनीत होते. तेव्हा ते केनियात आणले गेले. आणि एम-पेसाचं नाव व व्यासपीठ व्होडाफोनकडून सफारीकॉम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या व्होडाकॉमनं मिळून विकत घेतलं ते २०२० मध्ये, म्हणजे सेवा सुरू झाल्यावर तेरा वर्षांनी. जे केनियातल्या लोकांनी वापरून घडवलं त्याचा ताबा घरी यायला एवढा काळ लागला.

हा प्रश्न जुना झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये केनियाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल गाजला. देशाच्या नव्या सामाजिक आरोग्य विम्यासाठीची माहितीप्रणाली, किंमत १०४.८ अब्ज शिलिंग, आणि लेखापरीक्षकांचा आक्षेप असा की प्रणालीची मालकी सरकारकडे नाही. ती आणि तिचे बौद्धिक हक्क पुरवठादार समूहाकडे आहेत. कोट्यवधी नागरिकांच्या आजारांची माहिती जिच्यातून जाते, तिच्यासाठी देश पैसे मोजणार आणि मालक दुसरा. हा करार आपल्यापैकी कुणाचा नाही. पण आपल्या करारांतली ‘बौद्धिक संपदा’ आणि ‘करारसमाप्ती’ ही कलमं काढून त्याशेजारी ठेवा. मला त्यांच्यात फार अंतर दिसलेलं नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मालकी मागायला समोर कसब कुठे आहे? हा युक्तिवाद मी अनेक बैठकांत ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून मी नेहमी आरोग्यखात्यांकडे बोट दाखवते.

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत वंश आणि प्रदेशानुसार वेगवेगळी चौदा आरोग्यखाती होती, प्रत्येकाचे तक्ते वेगळे. १९९४ नंतर ती एकत्र करायची तर आधी नेमकं मोजायचं काय यावर एकमत व्हायला हवं होतं. केप टाउन परिसरात आरोग्य कार्यकर्ते, तिथली विद्यापीठं आणि ऑस्लो विद्यापीठातले काही लोक यांनी मिळून आधी माहितीची कमीत कमी यादी ठरवली: दवाखान्यातल्या नर्सला स्वतःला उपयोगी पडतील एवढेच आकडे. सॉफ्टवेअर त्यानंतर आलं, जिल्हा पातळीवर चालणारं, फुकट, खुलं. त्याचंच पुढचं रूप म्हणजे डीएचआयएस-२, आणि ते पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरात आलं ते २००६ मध्ये आपल्या केरळात. २०११ मध्ये केनियानं ते देशभर एका मध्यवर्ती सर्व्हरवर ऑनलाइन चालवलं. आज सत्तरहून जास्त देश ते राष्ट्रीय पातळीवर वापरतात. हे झालं कारण सॉफ्टवेअरबरोबर माणसं तयार केली गेली. विद्यापीठांत अभ्यासक्रम, डॉक्टरेट करणारे स्थानिक संशोधक, एका देशातल्या टीमनं शेजारच्या देशाला शिकवायचं. टांझानियातल्या दार-एस-सलामची मुलं दुसऱ्या देशात जाऊन प्रणाली उभी करतात आणि नवे भाग लिहितात. कसब नव्हतं तिथे ते असं निर्माण केलं गेलं.

दुसरं उदाहरण पश्चिम केनियातलं. मोसोरियोट गावच्या आरोग्यकेंद्रात २००१ मध्ये संगणकावर रुग्णनोंदी सुरू झाल्या. एल्डोरेटच्या मोई विद्यापीठानं इंडियाना विद्यापीठाबरोबर एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ते काम वाढवलं, त्यातून ओपनएमआरएस हे खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्याच पायावर पुढे छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी बाहमनी ही प्रणाली बांधली गेली. म्हणजे केनियातल्या नोंदवहीच्या गरजेतून उभं राहिलेलं काम बिलासपूरजवळच्या आदिवासी रुग्णांच्या उपयोगी पडलं. ज्यांच्याकडून आपण घेतलं आहे त्यांच्याशी बोलताना आपली भाषा जरा वेगळी असायला हवी.

या खुल्या प्रणालींनी सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. देणगीदाराच्या पैशावर उभे राहिलेले प्रकल्प निधी संपला की बसतात, हे तिथे पुन्हा पुन्हा घडलं. युगांडात तर आरोग्यक्षेत्रात एवढे सुटे सुटे डिजिटल प्रयोग चालू झाले होते, प्रत्येकाचा फोन वेगळा, तक्ता वेगळा, की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं नव्या प्रयोगांवर बंदीच घातली. एकाच आरोग्यसेविकेनं तीन संस्थांसाठी तीन ठिकाणी तीच माहिती भरायची, हे त्यांना थांबवायचं होतं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. धोरण म्हणजे काय घ्यायचं नाही हे ठरवणं, आणि ते त्या देशानं स्वतः ठरवलं.

आता तांत्रिक बाजू, तीही थोडक्यात, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टजवळ समुद्राखालच्या चार केबल एकदम तुटल्या. घाना, नायजेरिया, लायबेरिया, आयव्हरी कोस्टमध्ये इंटरनेट मंदावलं किंवा बंद पडलं आणि बँकांचे व्यवहार अडले. दोन महिन्यांत पूर्व किनाऱ्यावर दोन केबल गेल्या. त्यांतली एक सीकॉम, जी २००९ पासून मोम्बासा आणि मुंबईला एका दोरीत जोडते. दक्षिण आफ्रिकेत २०२३ मध्ये लोडशेडिंग इतकं होतं की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या पुरत नव्हत्या. अशा ठिकाणी सतत जोडणी गृहीत धरणारी प्रणाली देणं चूक आहे. शाखेत व्यवहार नोंदला जायला हवा, जोडणी आली की जुळला जायला हवा, आणि दोन शाखांनी एकाच खात्याला हात लावला असेल तर कुणाची नोंद धरायची हे आधी ठरलेलं हवं. सभासदाच्या हातात साधा फोन असेल तर यूएसएसडीचा, म्हणजे इंटरनेटशिवाय आकडे दाबून चालणारा, मेनू हाच त्याचा दरवाजा. तो देखण्या ॲपच्या आधी बांधा, आणि स्वाहिलीत बांधा. मोबाइल मनीची जोडणी ‘अतिरिक्त मॉड्यूल’ म्हणून विकू नका. केनियात तिच्यावाचून पैसा हलत नाही.

आणि चलन. जून २०२३ मध्ये नायजेरियानं आपल्या नायरा या चलनाचा दर बाजारावर सोडला. डॉलरला साधारण ४६० नायरा होते, २०२४ च्या सुरुवातीला १५०० च्या आसपास गेले. लागोसमधल्या संस्थेची कमाई नायरात, आपली देखभालीची बिलं डॉलरमध्ये. काहीही नवं न मिळता तेच बिल तिपटीवर गेलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांचा पगार आपण रुपयांत देतो, तरी बिल डॉलरमध्येच का? निदान देखभालीचा स्थानिक माणसांकडून होणारा भाग स्थानिक चलनात ठेवता येतो. ज्या संस्थेला देखभाल परवडत नाही ती अद्ययावत करणं थांबवते, मग सुरक्षेच्या फटी उघड्या राहतात, आणि एक दिवस सभासदांचे पैसे जातात.

कायदाही आता बदलला आहे, हे विसरू नका. केनियाचा माहिती संरक्षण कायदा २०१९ चा, नायजेरियाचा २०२३ चा. हुदुमा नंबा या राष्ट्रीय ओळखपत्राच्या योजनेत माहितीच्या जोखमीचं मूल्यमापन आधी केलं नाही म्हणून केनियाच्या उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची अंमलबजावणी अवैध ठरवली. सरकारला जो कायदा लागू होतो तो पुरवठादारालाही होतो. पुण्यातल्या चाचणी सर्व्हरवर खऱ्या ग्राहकांची माहिती उतरवून घेणं ही आपल्याकडची रुळलेली सवय आहे, आणि ती आता थांबवावीच लागेल.

आपल्याकडे याहून चांगलं करता येतं याचे दाखलेही आहेत. अक्र्यात २००३ मध्ये भारताच्या मदतीनं कोफी अन्नान यांच्या नावाचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा त्यात हात होता. तिथे शिकलेली माणसं घानातच कामाला लागली. डॉ. कलामांनी २००४ मध्ये मांडलेलं पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क २००९ मध्ये सुरू झालं आणि भारतातली विद्यापीठं व रुग्णालयं अनेक देशांशी जोडली गेली. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत तयार झालेला मोसिप हा ओळखप्रणालीचा खुला पाया इथिओपियानं आपल्या ‘फायदा’ ओळखपत्रासाठी घेतला आहे. मूळ कोड खुला आहे, माहिती त्यांच्याकडे आहे, त्यावर पुढे काय बांधायचं ते त्यांचे अभियंते ठरवतात. हे आपल्याच देशातल्या लोकांनी केलं आहे. त्यामुळे खासगी कंपनीला असं करणं परवडत नाही हे मी पूर्णपणे मान्य करायला तयार नाही. काही प्रमाणात नफा कमी होईल, हे खरं. पण नैरोबीत आता चांगल्या कंपन्या आहेत, लागोसचे अभियंते जगभरच्या वित्तसेवांसाठी काम करतात, आणि कडीकोयंड्यात अडकवलेला ग्राहक पहिली संधी मिळताच जातो. जाताना शेजाऱ्यालाही सांगून जातो. साकोंच्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात.

तर माझी मागणी अशी आहे. पुढच्या प्रस्तावात संस्थेचं माहितीप्रणाली धोरण तुम्ही लिहून देऊ नका. ते त्यांच्या लोकांनी लिहावं, तुम्ही प्रश्न विचारायला बसा. मागणी टिपायला जाणाऱ्या टीमला किमान एक महिनाअखेर संस्थेत काढायला लावा, कारण कुठली फाइल कुणाकडे आहे ते महिनाअखेरीसच दिसतं. प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून संस्थेचे दोन-तीन तंत्रज्ञ तुमच्या टीममध्ये बसवा. त्यांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नको, कोड वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी हवी. त्यांनी स्वतः एखादी खरी चूक शोधून दुरुस्त केल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असं म्हणू नका आणि शेवटचा हप्ताही घेऊ नका. संस्थेसाठी केलेलं कस्टमायझेशन, म्हणजे तिच्या गरजेप्रमाणे केलेले बदल, संस्थेच्या मालकीचं ठेवा. आणि तुमची कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिनं त्या देशातून काढता पाय घेतला, तर मूळ कोड त्यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था त्रयस्थाकडे करून ठेवा.

हे सगळं एकदम जमणार नाही, हे मला कळतं. निविदेची तारीख डोक्यावर असते, विक्रीचे आकडे वरून आलेले असतात. म्हणून ज्यांच्या टेबलावर आत्ता एखादा प्रस्ताव उघडा पडला आहे, त्यांनी त्यात आज एक कलम घालावं: करार कधीही आणि कुठल्याही कारणानं संपला तरी संस्थेला तिची सगळी माहिती, तक्त्यांच्या अर्थासकट, वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात तीस दिवसांच्या आत आणि विनाशुल्क मिळेल, आणि हे खरोखर होतं की नाही याची चाचणी दरवर्षी एकदा, संस्थेच्या माणसांसमोर घेतली जाईल. तुमच्या कायदा विभागाचा याला आक्षेप असेल तर तो मला लेखी कळवा. मी ते उत्तर त्या साकोच्या कर्जविभागापुढे ठेवीन आणि त्यांचं म्हणणं तुम्हाला परत कळवीन.

कळावे,
आपली,
माहितीप्रणाली अंमलबजावणीतली एक सल्लागार
पुणे